पाण्याची बाटली : घडते कशी, टिकते किती?

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो. प्रवासात विकत घेतलेली पाण्याची बाटली किती दिवस वापरावी? मुलाच्या शाळेच्या बाटलीला वास येतो, तो विषारी तर नाही ना? घरी जारचे पाणी येते, जार पिवळट पडला आहे, चालेल का? या प्रश्नांना 'प्लॅस्टिक वाईटच' असेही उत्तर देता येते आणि 'काही होत नाही हो' असेही. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी. बाटली आणि बाटलीत फरक असतो, आणि तो दुकानात नव्हे, कारखान्यात पडतो. म्हणून या वेळी मी आधी कारखाना पाहून आलो.

आमच्या गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्या आणि कॅन बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. मालक माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतात. 'या की डॉक्टर, एकदा बघून तरी जा,' असे त्यांचे कधीचे म्हणणे होते.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसते ती पोती. पोत्यांत साबुदाण्यासारखा पांढरा दाणा. हा दाणा म्हणजे एचडीपीई, जाड, टणक जातीचे पॉलिथिन. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल झीग्लर यांनी १९५३ साली कमी दाबाखाली असे पॉलिथिन बनवण्याची रीत शोधली आणि त्या कामासाठी त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. आपल्या मोरीतली दाराआडची अर्धी दुनिया त्या दाण्यातून आली आहे.

दाणा यंत्राच्या वरच्या नरसाळ्यात पडतो. खाली तापवलेल्या नळकांड्यात एक लांब स्क्रू फिरत असतो. चकलीच्या सोऱ्यात पीठ पुढे सरकते तसा दाणा पुढे सरकतो आणि सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापून वितळतो. तोंडातून बाहेर येते ती मऊ, लोंबती, पोकळ नळी. कामगार तिला पॅरिसन म्हणतात. नळी पुरेशी लांब झाली की साच्याचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी येऊन तिला कवेत घेतात. तळाशी ती चिमटली जाते, तोंडातून दाबाची हवा आत सोडली जाते आणि नळी फुग्यासारखी फुगून साच्याच्या भिंतींना जाऊन चिकटते. साच्यातून थंड पाणी खेळवलेले असते, त्यामुळे प्लॅस्टिक लगेच आवळते. साचा उघडतो, बाटली बाहेर पडते, तळाचा आणि मानेचा जादा तुकडा कापला जातो. काच फुंकणारे कारागीर शतकानुशतके जे करत आले तेच हे काम, फक्त फुंकर कॉम्प्रेसरची. म्हणूनच या पद्धतीला ब्लो मोल्डिंग म्हणतात.

मालकांनी मला एक बाटली उभी चिरून दाखवली. पोटाशी जाड, खांद्यापाशी आणि तळाच्या कडेला बरीच पातळ. 'डॉक्टर, बाटली कोपऱ्यात मरते,' ते म्हणाले. नळी कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत ताणली जाते, आणि जितकी ताणली तितकी पातळ होते. चांगल्या यंत्रावर नळी सोडतानाच तिची जाडी कमीजास्त करता येते. जो भाग पुढे जास्त ताणला जाणार, तो आधीच जाड सोडतात. स्वस्त मालात हे केलेले नसते, किंवा वजन वाचवण्यासाठी एकूणच प्लॅस्टिक कमी वापरलेले असते. बाटली उजेडासमोर धरा. तळाच्या कडेला उजेड जास्त आरपार दिसत असेल तर ती तिथेच फुटणार. तळावरून बोट फिरवा. चिमटल्याची शिवण लागेल. शिवण असणे हा दोष नाही, पण ती खोल खाचेसारखी असेल तर चीर तिथून सुरू होते.

गोलसर खांद्याची, गोलसर तळाची बाटली म्हणून जास्त टिकते, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ती नीट धुताही येते. कारखानदाराचे आणि डॉक्टरचे इथे एकमत होते, जे नेहमी होतेच असे नाही.

याउलट प्रवासात विकत मिळणारी बाटली ही वेगळीच वस्तू. ती पेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. तिची रीतही निराळी. आधी जाड काचनळीएवढा एक तुकडा, प्रीफॉर्म, ओततात. मग तो पुन्हा तापवून आत दांडी घालून लांबीत ताणतात आणि जोराच्या हवेने रुंदीत फुगवतात. दोन्ही दिशांनी ताणल्यामुळे अगदी पातळ भिंतही मजबूत आणि काचेसारखी पारदर्शक होते. अमेरिकेतील नॅथॅनिएल वायेथ या अभियंत्याने या बाटलीचे पेटंट १९७३ मध्ये मिळवले. सोड्याचा दाब सहन करील अशी हलकी बाटली हा त्याचा हेतू होता. ती पुन्हा पुन्हा भरावी असा नव्हता.

पेट पुन्हा भरता येत नाही असे मात्र नाही. जर्मनीत जाड भिंतीच्या पेट बाटल्या दुकानात परत घेतल्या जातात, धुतल्या जातात आणि अनेक वेळा भरल्या जातात. पण त्यांची भिंत मुद्दाम जाड ठेवलेली असते आणि धुण्याच्या पाण्याचे तापमान काटेकोर पाळावे लागते, कारण पेट साधारण सत्तर ते ऐंशी अंशांना मऊ पडू लागते. आपल्या हातातली पातळ बाटली कढत पाण्याने धुवायला गेलात तर ती आक्रसून वाकडी होते. म्हणजे ती नीट धुताच येत नाही. तिचे तोंड अरुंद, ब्रश आत जात नाही, आणि आपण तिला तोंड लावून पितो. लाळेतले जंतू, कोमट हवा आणि ओलावा, जंतूंना आणखी काय हवे?

तेव्हा प्रवासातली बाटली टाकायची ती 'विष सुटते' म्हणून नाही, तर धुता येत नाही म्हणून. मोबाईलवर फिरणारा एक संदेश माझ्याकडे निदान दहा जणांनी पाठवला आहे: गाडीत तापलेल्या बाटलीतून डायॉक्सिन सुटते आणि कॅन्सर होतो. डायॉक्सिनमध्ये क्लोरीन लागते, ते पेटमध्ये नसते, आणि ते तयार व्हायला गाडीतली उष्णता कुठच्या कुठे अपुरी आहे. पेट बनवताना वापरलेल्या अँटिमनी या धातूचा अंश मात्र उष्णतेत जास्त पाण्यात उतरतो हे खरे आहे. त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत बाटल्यांचे खोके ठेवू नये. इतका साधा मुद्दा आहे.

कारखान्यात एका कोपऱ्यात करड्या रंगाचा दाणा दिसला. तो 'रिप्रो', म्हणजे भंगार वितळवून पुन्हा केलेला दाणा. मी त्याबद्दल विचारले तर मालक मोकळेपणाने म्हणाले, 'तो बागेच्या कुंड्यांना. पाण्याच्या बाटलीला व्हर्जिन दाणाच.' स्वतःच्याच कारखान्यात कापलेला स्वच्छ तुकडा दळून थोडा परत मिसळणे निराळे आणि बाजारातले भंगार वापरणे निराळे. भंगारातल्या डब्यात आधी काय होते कुणाला ठाऊक? भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी असे प्लॅस्टिक अन्नाला वापरण्यावर बंदी घातली. पुढे ती विशिष्ट प्रक्रियेने शुद्ध केलेल्या पेटपुरती सैल करण्यात आली. प्लॅस्टिकमधून अन्नात किती अंश उतरलेला चालेल याचीही मर्यादा या नियमांत आहे, एका किलोला ६० मिलिग्रॅम. रिप्रो दाण्याचा मळका रंग झाकायला गडद रंग लागतो. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी आठवडी बाजारातली काळी, गडद निळी, बिनशिक्क्याची, उग्र वासाची स्वस्त बाटली मी तरी घेणार नाही.

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. तो भंगार वेगळे करण्यासाठी आहे, सुरक्षिततेची ती परीक्षा नव्हे. तरी उपयोगी आहे. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. रोज भरायच्या बाटलीला २ किंवा ५ बरे. ५ उकळते पाणीही सोसते.

७ म्हणजे 'इतर', आणि त्यात पॉलिकार्बोनेट येते. वीस लिटरचे कडक, निळसर पारदर्शक जार पुष्कळदा याचेच असतात. त्यात बिस्फेनॉल-ए हे रसायन असते आणि ते शरीरात स्त्रीसंप्रेरकासारखे वागू शकते. युरोपने २०११ मध्ये आणि आपल्या मानक ब्यूरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेट हद्दपार केले. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने या रसायनाची रोज सहन होणारी मात्रा पूर्वीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली आणि २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी मंजूर केली, काही वस्तूंना सवलतीची मुदत देऊन. सगळ्याच देशांच्या संस्था इतक्या कडक मताच्या नाहीत. घरातला चांगला जार लगेच फोडा असे मी म्हणत नाही. पण ओरखडे पडलेला, धुरकट झालेला, उन्हात ठेवला जाणारा जार पुरवठादाराला परत द्या. आणि त्याची मूठ पाहा. पोकळ मूठ असेल तर तिच्या आत ब्रश पोचत नाही; शेवाळाची हिरवट रेघ पहिल्यांदा तिथे दिसते.

बाळाच्या बाटलीबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. गरम पाणी घालून हलवल्यावर एका लिटरमागे प्लॅस्टिकचे लाखो, काही बाटल्यांत एक कोटीहून जास्त सूक्ष्म कण पाण्यात आले. पाणी जितके गरम तितके कण जास्त. या कणांनी बाळाला नेमके काय होते याचा निकाल अजून लागलेला नाही. पण बाळाला बाटलीच मुळात नको हे आम्ही डॉक्टर केव्हापासून सांगतो, आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. आईचे दूध नसेल तर स्टीलची वाटी आणि चमचा, दोन्ही उकळता येतात.

आता वासाकडे वळू. पाच-सहा वर्षांच्या एका मुलाला दर पंधरा दिवसांनी जुलाब होत होते. घरचे पाणी उकळलेले, आई टापटिपीची. मी त्याची शाळेची बाटली मागवली. चित्रांची, नळीची, बटण दाबले की झाकण उघडणारी. बाटली आतून लख्ख होती. झाकणातली रबरी चकती टाचणीने बाहेर काढली तर खाली काळी चिकट रेघ, नळीतही तेच. 'अगबाई, हे निघतं होय?' आई म्हणाल्या. मी त्यांना रुंद तोंडाची, साध्या फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यायला सांगितली. पुढच्या दोन महिन्यांत तो मुलगा माझ्याकडे फक्त एकदा आला, तोही गुडघा खरचटला म्हणून. केवळ बाटलीमुळेच जुलाब होत होते असे मी शपथेवर सांगणार नाही, पण माझा संशय पक्का आहे.

बाटली रोज धुवा, साबणाच्या कोमट पाण्याने आणि ब्रशने. झाकणाची चकती आठवड्यातून एकदा तरी काढून धुवा. मग बाटली उघडी, पालथी वाळू द्या. ओली बाटली झाकण लावून ठेवली की वास येणारच. आपल्याकडे बाटलीत तांदूळ आणि मीठ घालून खळखळवण्याची रीत आहे, ती चालते. राख आणि वाळू मात्र नको, त्यांनी आतून ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतू घर करतात. जुलाबाची साथ असेल तेव्हा लिटरभर पाण्यात चमचाभर साधे, बिनवासाचे घरगुती ब्लीच घालून बाटली आतून सगळीकडे भिजवावी, अर्ध्या-एक मिनिटाने ओतून टाकावे आणि पिण्याच्या पाण्याने विसळावे. साबण मात्र नीट विसळून काढा. ताण पडलेल्या जागी साबणाचे पाणी साचून राहिले तर पॉलिथिनला बारीक चिरा जातात. कारखान्यात यासाठी मुद्दाम चाचणी घेतात.

आणि शेवटी, ज्यासाठी खरे तर मी हा विषय घेतला. टिकाऊ कॅन फेकवत नाही हा आपला स्वभाव. शेतात औषधाचा पांढरा कॅन रिकामा होतो, दोनदा विसळला जातो आणि त्यातून पाणी भरून रानात नेले जाते. प्लॅस्टिक वरून गुळगुळीत दिसले तरी तेलकट द्रव त्याच्या भिंतीत मुरतो. रॉकेल ठेवलेल्या कॅनच्या बाजू आत ओढल्यासारख्या झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील, ते हेच. मुरलेले औषध पुढे कित्येक दिवस पाण्यात उतरत राहते, धुऊन जात नाही. असा कॅन तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, मग कॅनला भोके पाडा, म्हणजे कुणी पुन्हा भरणार नाही.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल, फिनेल, रंगाचे थिनर भरून ठेवलेले घरोघर दिसते. मुलाला बाटली म्हणजे पाणीच वाटते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नका, मीठपाणी किंवा दूध पाजू नका. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसात जाते आणि खरा धोका तिथे असतो. भिजलेले कपडे काढा, थेट रुग्णालयात न्या आणि ती बाटली, जशी असेल तशी, सोबत घ्या.