रोप डिसेंबरचे, कसोटी मे महिन्याची : ब्राह्मणपाऱ्यातील घरबागेसाठी रोपांची निवड व निगा

ब्राह्मणपारा ही रायपूर शहराच्या जुन्या भागातील वस्ती. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून, म्हणजे 1854 पूर्वीपासून, या प्रदेशाचा मराठीशी संबंध आहे आणि रायपुरात आजही मराठी कुटुंबे नांदत आहेत. अशा जुन्या, दाट वस्तीत मोकळे अंगण क्वचितच लाभते. त्यामुळे बाग फुलते ती गच्चीवर, सज्जात किंवा दारालगतच्या अरुंद पट्टीत.

शहरी बागप्रेमी विस्तार कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारतात : हिवाळ्यात हौसेने आणलेली रोपे मे महिन्यात का वाळतात? पाणी कमी पडले असावे, असे उत्तर बहुधा दिले जाते. मूळ कारण अनेकदा निवडीत असते. रोप डिसेंबरमधील ऊन पाहून निवडले जाते आणि त्याला मे महिन्याच्या उन्हात उभे राहावे लागते.

सावली ऋतूनुसार सरकते

रायपूर सुमारे 21 अंश 15 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवरच असतो. त्यामुळे 9 मीटर उंचीच्या घराची सावली उत्तरेकडे जवळजवळ 9 मीटर पडते. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो व तीच सावली भिंतीच्या पायाशी नाहीशी होते. हिवाळ्यात सावलीचा वाटलेला कोपरा उन्हाळ्यात होरपळतो, तो यामुळे. नागपूर, अमरावती, अकोला व जळगाव या शहरांचे अक्षांश जवळपास हेच असल्याने हा विचार तेथेही लागू पडतो.

रोपे आणण्यापूर्वी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता ऊन कोठे पडते, याची खडूने खूण करावी. ही नोंद एकदा हिवाळ्यात व एकदा उन्हाळ्यात घ्यावी. फळभाज्यांना किमान 6 तास थेट ऊन लागते. पालेभाज्या 3 ते 4 तासांवरही येतात. त्याहून कमी उजेडात अळू, पुदिना, आले, हळद व नागवेल यांचा विचार करावा.

कोणती रोपे निवडावीत?

मे महिन्यात रायपूरचे सरासरी कमाल तापमान 42 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते सोसणाऱ्या भाज्या स्थानिक आहारातच आहेत : लाल माठ (लाल भाजी), अंबाडी (अमारी), मायाळू (पोई) आणि चेंच. फुलझाडांत मोगरा, सदाफुली, बोगनवेल, गोकर्ण व चिनी गुलाब उन्हात टिकतात. कण्हेरही टिकते, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले व जनावरे असलेल्या घरी ती लावू नये. गुलाब व जास्वंद यांना दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्यावी. पिटुनिया, पॅन्सी, डेलिया ही हिवाळी पाहुणी आहेत. मार्चअखेर त्यांचा हंगाम संपतो, हे ठाऊक असूनच ती घ्यावीत.

रोपवाटिकेत फुलांनी बहरलेल्या रोपापेक्षा बुटके, दणकट रोप पसंत करावे. पानांची मागील बाजू तपासावी. कुंडीच्या छिद्रांतून मुळ्या बाहेर पडून वेटोळे झालेले रोप टाळावे. घरी आणल्यावर 7 ते 10 दिवस अर्धसावलीत ठेवून मगच उन्हात हलवावे.

माती आणि भार

रायपूर परिसरात शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा व कन्हार असे प्रकार मानतात. काळी, चिकण कन्हार माती शेतात ओल धरते. परंतु कुंडीत एकटीच वापरल्यास वाळताना आकसते व कडेने फट पडते. मग घातलेले पाणी फटीतून वाहून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. पिवळसर, हलकी मटासी माती 2 भाग, चांगले कुजलेले शेणखत 1 भाग व भाताचे कुजलेले तूस 1 भाग असे मिश्रण करावे. कच्चे तूस मिसळू नये. ते कुजताना मिश्रणातील नत्र ओढून घेते.

पालेभाज्यांना 6 ते 8 इंच खोलीचे पसरट भांडे पुरते. वांगी, मिरची, टोमॅटोसाठी 12 ते 14 इंचांची कुंडी घ्यावी. ओल्या मातीसह 12 इंची कुंडीचे वजन साधारण 20 किलो भरते; अशा 50 कुंड्या म्हणजे गच्चीवर एक टन भार. जुन्या घरांत कुंड्या भार पेलणाऱ्या भिंतींच्या रेषेतच मांडाव्यात व जाणकाराकडून छत तपासून घ्यावे.

उन्हाळी निगा

- एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंत 50 टक्के सावलीची जाळी लावावी.
- कुंड्या एकमेकींना लागून, विटांवर ठेवाव्यात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बाहेरून चुना लावावा.
- मातीवर भाताच्या पेंढ्याचा (पैरा) 5 सें.मी. थर द्यावा.
- पाणी पहाटे द्यावे. बोट 5 सें.मी. खोल घालून ओल पाहावी. लहान कुंड्यांना सायंकाळी पुन्हा पाणी लागते.
- कडक उन्हाळ्यात रासायनिक खत देणे व कुंडी बदलणे टाळावे. ही कामे पहिल्या पावसानंतर करावीत.
- लाल कोळी व पिठ्या ढेकूण दिसताच पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा मारावा. प्रादुर्भाव टिकल्यास 1 लिटर पाण्यात 5 मि.लि. निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे.

पावसाळ्यात कुंडीखालील ताटल्या काढून टाकाव्यात. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. म्हणून साचलेले पाणी दर आठवड्यास न चुकता ओतून द्यावे.

शेतकऱ्यांसाठी संधी

शहरालगतच्या प्रगतिशील शेतकऱ्यांना यात पूरक व्यवसाय आहे. कुजलेल्या तुसाचे तयार मिश्रण, पेंढा आणि उन्हाळ्यात टिकणारी, उन्हास सरावलेली रोपे यांना शहरात ग्राहक मिळू शकतो. रोपासोबत ‘मे महिन्यात या रोपाला सावली हवी’ किंवा ‘हे रोप मार्चपर्यंतच’ अशी प्रामाणिक चिठ्ठी जोडावी. पहिल्याच उन्हाळ्यात सर्व रोपे गमावलेले कुटुंब सहसा पुन्हा बागेकडे वळत नाही. ज्याची दोन रोपे मे महिना ओलांडतात, तो जूनमध्ये तिसरे रोप घ्यायला येतो.