टॅगच्या पोटात टॅग

१९९९ साली जावा सर्व्हर पेजेस, म्हणजे जेएसपी आले आणि वेबपानातच जावा कोड लिहायची सोय झाली. पाने मात्र लवकरच वाचेनाशी झाली. डेटाबेसची जोडणी, एसक्यूएल, व्हाइल लूप आणि मधूनमधून तक्त्याचे एचटीएमएल, सगळा काला एकाच फाइलीत. रंग बदलायला बसलेल्या डिझायनरच्या हातून एखादा महिरपी कंस पुसला गेला तरी अख्खे पान बंद पडायचे. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या जेएसपी १.१ने यावर उपाय दिला: कस्टम टॅग. पानावर फक्त टॅग दिसतो, त्यामागचा जावा क्लास वेगळ्या फाइलीत राहतो.

तारीख छापायला एक सुटा टॅग पुरतो. डेटाबेसमधून आलेली यादी दाखवायची तर एकात एक टॅग लागतात, आणि या कलेची खरी गंमत तिथेच आहे. ग्रंथालयाची पुस्तकयादी घ्या. बाहेर ‘शोध’ टॅग, त्याच्या पोटात ‘ओळ’, तिच्या पोटात ‘रकाना’. ‘शोध’ क्वेरी चालवून रिझल्टसेट हातात घेतो. ‘ओळ’ सुरू होताच ती रिझल्टसेटला पुढची नोंद मागते. नोंदच नसेल तर ‘स्किप बॉडी’ असे उत्तर देते आणि पोटातले काहीच छापले जात नाही. नोंद असेल तर पोट चालते, आणि ते संपले की ‘डू आफ्टर बॉडी’ ही मेथड पुन्हा पुढची नोंद मागते. ती मिळाली की ‘इव्हॅल बॉडी अगेन’, म्हणजे पुन्हा एक फेरी. १.१मध्ये अशा फेऱ्यांसाठी पोटातला मजकूर बफरमध्ये साठवावा लागे, २००१च्या १.२ आवृत्तीतल्या इटरेशन टॅगने ती कटकट मिटवली.

आता ‘रकाना’. त्याला फक्त ‘लेखक’ एवढे नाव दिलेले असते. सध्या कोणती नोंद चालू आहे, हे त्याला ‘ओळ’कडूनच कळणार. यासाठी थेट वरच्या टॅगला विचारता येते, पण जाणता प्रोग्रामर तसे करत नाही. तो ‘फाइंड अँसेस्टर विथ क्लास’ वापरतो: हव्या त्या क्लासचा टॅग सापडेपर्यंत ही मेथड एकेक पायरी वर चढते. त्यामुळे डिझायनरने मध्ये एखादा अटीचा टॅग घातला तरी ‘रकाना’ आपली ‘ओळ’ शोधून काढतो. दोन माणसांना एकमेकांच्या कामात न डोकावता एकाच पानावर काम करता येते, ते याच्याच जोरावर. मला या सगळ्या रचनेत हीच मेथड सर्वांत सुंदर वाटते.

जोखीमही आहे. सर्व्हर टॅगचे ऑब्जेक्ट पुन्हा वापरू शकतो, म्हणून मागच्या वापरातला रिझल्टसेट साफ केला नाही तर तो पुढच्या वापरात शिल्लक राहतो. मध्येच एरर आली तर नुसत्या ‘डू एंड टॅग’वर विसंबून जोडणी बंद होत नाही, ते काम ‘डू फायनली’मध्येच करावे.

अपाचेच्या जकार्ता प्रकल्पातल्या डीबीटॅग्ज संग्रहात जोडणी, स्टेटमेंट, क्वेरी, रिझल्टसेट, रकाना अशी पूर्ण मांडणी होती. २००२मध्ये जेएसटीएलने असे एसक्यूएल टॅग प्रमाणित केले, मात्र ते छोट्या कामांसाठी आणि नमुन्यांसाठीच, असे त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येच सांगितले होते. ते बरोबरच होते, पानाला डेटाबेसचा पासवर्ड कशाला माहीत हवा? मोठ्या कामांत ‘शोध’ पानाबाहेर गेला, ‘ओळ’ची जागा ‘फॉर ईच’ने घेतली.

मूल्य छापताना ‘रकाना’ त्यातले कोनी कंस निकामी करी, म्हणजे ब्राउझर त्यांना टॅग समजत नसे. त्याची जागा आधी जेएसटीएलच्या ‘सी आउट’ने घेतली, आणि हा गुण तसाच राहिला. २००३च्या जेएसपी २.०पासून मात्र डॉलर आणि महिरपी कंसात नाव लिहिले की मूल्य थेट पानावर उतरू लागले, आणि ही चाळणी आपोआप लागेनाशी झाली. पुस्तकाच्या नावात कुणी स्क्रिप्ट भरून ठेवली तर ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. मूल्य छापण्याची एकच जागा होती, तेव्हा हा बंदोबस्त एका क्लासमध्ये होत असे. आता तो प्रत्येक पानावर, प्रत्येक रकान्यासाठी लक्षात ठेवावा लागतो.