नितळ पाणी आणि निरोगी पाणी

अंगणातल्या तळ्याचा तळ दिसला की पाणी चांगलं, असा समज आहे. पण माशांना मारणारी गोष्ट बहुधा दिसतच नाही. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया (नत्रयुक्त विषारी टाकाऊ द्रव्य) सोडतात; उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि गोट्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट (हेही विषारीच) आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. ते वनस्पती शोषतात.

हे जिवाणू म्हणजे तळ्याचं विरजण. सगळं दही संपवून भांडं लख्ख घासलं, तर उद्या दही लागणार कशाने? सगळं पाणी उपसून फिल्टर नळाखाली धुतला की नेमकं हेच होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. फिल्टर तळ्यातल्याच बादलीभर पाण्यात खळबळावा. पाणी एका वेळी पाव भागच बदलावं, आणि नवं पाणी क्लोरीन उडून गेलेलं असावं. नव्या तळ्यात जिवाणू स्थिरावायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे मोजके, खाद्य त्याहून मोजकं.

हिरवट पाण्याला मात्र उगाच बदनाम केलं जातं. सूक्ष्म शेवाळ अमोनिया खातं. फक्त ते दाट झालं, तर पहाटे प्राणवायू कमी पडतो. तेव्हा रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.