काळे झगे आणि शिळाछापाची रेघ

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या एका चित्रकाराने मात्र ही पायरी वारंवार चढून पाहिली, आणि जे दिसले ते दगडावर रेखाटून ठेवले. त्याचे नाव ओनोरे दोमिये (१८०८–१८७९).

न्यायालय त्याला परके नव्हते. पोरवयात त्याने एका बेलिफाच्या हाताखाली निरोप्याचे काम केले होते. पुढे तो आरोपीही झाला. राजा लुई फिलिप हा प्रजेचे धन गिळणारा राक्षस आहे, असे चित्र त्याने १८३१ मध्ये काढले; त्याबद्दल १८३२ साली त्याला ६ महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. १८३५ मध्ये तर चित्र छापण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचा कायदाच आला. राजाची थट्टा बंद झाली. तेव्हा दोमियेने समाजाकडे मोर्चा वळवला. १८४५ ते १८४८ या काळात ‘शारिव्हारी’ या दैनिकात वकील-न्यायाधीशांवरची त्याची जवळजवळ ४० चित्रे प्रसिद्ध झाली.

ही सर्व चित्रे शिळाछापाची. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या ज्या रीतीने छापल्या जात, तीच ही रीत. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या भागावर राहते, तेलकट रेघेवर ठरत नाही. म्हणून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेलाच धरते. लाकूड वा तांबे कोरण्याचे कष्ट नाहीत. आज काढलेले चित्र थोड्याच अवधीत हजारो वाचकांच्या हाती जाते. सत्तेला या चित्रांची धास्ती वाटे, ती यामुळेच.

आता चित्रांकडे पाहू. एका चित्रात खटला हरलेली बाई मुलाला घेऊन रडत चालली आहे, आणि वकीलसाहेब तिचे सांत्वन करताहेत : खटला गेला खरा, पण माझे भाषण ऐकण्याचा आनंद तर मिळाला! दुसऱ्यात आरोपी म्हणतो, भुकेपोटी चोरी केली. त्यावर न्यायाधीश उत्तरतो की, भूक मलाही रोजच लागते; मी कुठे चोरी करतो?

चित्राखालचे शब्द पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे असत; पण फुगलेले गाल, उंचावलेले हात आणि वाऱ्याने भरलेले काळे झगे, हे सारे दोमियेचे. त्याचा राग कायद्यावर नव्हता. पक्षकाराचे सर्वस्व पणाला लागलेले असताना तेथे जे नाटक चाले, त्यावर होता.

पुढे गंमत अशी झाली की, वकीलमंडळीच ही चित्रे हौसेने आपल्या कचेरीत लावू लागली. स्वतःला हसता येणे हा मोठा गुण खरा. पण झग्यांकडे पाहून हसताना त्या रडणाऱ्या बाईवरून नजर सरकू नये, एवढेच.