औषधाचे आडनाव वाचा

करवीर तालुक्यातल्या एका गावातून साठीच्या मावशी ओपीडीत आल्या. अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले. घसा दुखतो म्हणून आदल्या दिवशी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्यांच्या पिशवीत जुना केसपेपर निघाला. त्यावर लाल शाईत लिहिले होते, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’. मी गोळ्यांची पट्टी मागितली. ती नेमकी नावावरच कापलेली. उरलेल्या तुकड्यावर कसेबसे वाचता आले, ‘अमॉक्सिसिलिन’.

“आवं डॉक्टर, मी इचारलं हुतं. पेनिसिलिन न्हवं म्हणून सांगिटलं. ह्येचं नावच येगळं हाय की,” मावशी म्हणाल्या.

नाव वेगळे होते, पण आडनाव एकच होते. त्या वेळेत आल्या म्हणून निभावले.

अँटिबायोटिकची इंग्रजी नावे आपल्याला मंत्रासारखी अगम्य वाटतात, पण त्यांना अर्थ असतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये ज्या बुरशीत जंतू मारण्याची ताकद दिसली, तिचे नाव पेनिसिलियम. लॅटिनमध्ये त्या शब्दाचे मूळ म्हणजे छोटा कुंचला. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी तशीच दिसते. त्यावरून औषध झाले पेनिसिलिन. पुढे याच कुळात ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन आली. ‘सिलिन’ हे त्यांचे आडनाव. ही खरी भावकी आहे. एकाचे वावडे असेल, तर दुसऱ्याचेही असू शकते.

दुसरे ओळखीचे आडनाव ‘मायसिन’. ग्रीक भाषेत ‘मायकेस’ म्हणजे बुरशी. 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूपासून क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. हे जीवाणू बुरशीसारखे तंतू धरतात, म्हणून त्यांच्या नावात बुरशी शिरली आणि तिथून औषधांच्या नावातही आली. जेंटामायसिनचा जीवाणू मात्र वेगळा. म्हणून इंग्रजीत त्याच्या ‘मायसिन’मध्ये ‘वाय’ऐवजी ‘आय’ लिहितात. देवनागरीत हा फरक दिसत नाही.

या नावांच्या कुळात आपल्या महाराष्ट्राचाही एक सदस्य आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1954 मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. कारखान्याला संशोधनाचीही जोड होती. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिसपासून बुरशीच्या संसर्गावरचे औषध शोधले. त्या जीवाणूचे नाव ठेवले ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’, म्हणजे पिंपरीचा. औषध झाले ‘हॅमायसिन’. त्यातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे, ‘एच’ आणि ‘ए’, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. तोंड आल्यावर जिभेवर जी पांढरी बुरशी धरते, तिच्यावर ते लावत असत. इंग्रजी शब्दकोशातही हा शब्द गेला.

पण इथेच सावध राहायला हवे. हॅमायसिन बुरशीवर चालते, स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूवर, ॲझिथ्रोमायसिन आणखी वेगळ्या गटातले. आपल्या जिल्ह्यात पाटील आडनावाचे सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात का? तसेच ‘मायसिन’चे. आडनाव मूळ कुठले ते सांगते, गुण सांगत नाही. म्हणून ‘मागच्या वेळी मायसिनने बरे वाटले, तेच द्या’ असे दुकानात म्हणू नका.

आपल्या तोंडी असते ते कंपनीने ठेवलेले नाव. एकाच औषधाची अशी अनेक नावे बाजारात असतात. मूळ नाव मात्र जगभर जवळपास सगळीकडे एकच असते, आणि ते पाकिटावर छापलेले असते. तेवढे वाचायची सवय लावा. इंग्रजी येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगा. सुट्या गोळ्या घेताना नाव असलेला तुकडा मागून घ्या. पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचेच नाही.

कधी एखाद्या औषधाने पुरळ, सूज किंवा धाप झाली असेल, तर त्याचे मूळ नाव कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक डॉक्टरला तो कागद दाखवा. पेनिसिलिनचे वावडे असेल, तर ‘सेफ’ने सुरू होणारी औषधे घेण्यापूर्वीही ते सांगा. लहानपणी कधी तरी अंगावर पुरळ आले म्हणून आयुष्यभर ॲलर्जी समजणारेही पुष्कळ असतात. तपासणीत त्यातल्या अनेकांना ती नसल्याचे आढळते. ते ठरवणे मात्र डॉक्टरांवर सोडा.

मावशी दोन दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना त्यांच्या नातवाने केसपेपरवरच्या लाल ओळीखाली मोठ्या अक्षरात लिहिले, ‘शेवटी सिलिन असलेले काहीही नको.’