फरक शून्य, पण साठा तेवढाच आहे का? गुरुत्वमापनातला पावसाचा हिशेब

समजा, भूऔष्णिक वीजकेंद्राजवळच्या एका खुणेवर तुम्ही मे महिन्यात गुरुत्वाकर्षण मोजलं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा तिथेच मोजलं. फरक आला शून्य. म्हणजे खालच्या गरम पाण्याचा साठा तेवढाच आहे? थांबा, घाई नको.

जपानच्या क्युशू बेटावरचं ताकिगामी घ्या. तिथे १९९६ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. गुरुत्वाच्या नोंदी मात्र त्याआधीपासूनच्या आहेत. जून-जुलैत तिथेही पावसाळा असतो आणि वरच्या थरातलं भूजल चढतं.

आता गणित करू. दूरवर पसरलेला एक मीटर जाडीचा पाण्याचा थर गुरुत्व साधारण ४२ मायक्रोगॅलने वाढवतो. पण पाणी जमिनीतल्या पोकळ्यांतच भरतं. त्या १५ टक्के धरल्या आणि भूजलपातळी २ मीटर चढली, तर ४२ × ०.१५ × २ = सुमारे १२.६ मायक्रोगॅल. खोलातून पाणी उपसल्यामुळे तेवढीच घट झाली असेल, तर बेरीज शून्य! आपण म्हणणार, 'साठा आपोआप भरतोय', आणि त्या भरवशावर उपसा वाढवला जाणार. धोका इथेच आहे.

मी सुरुवातीला सोपा मार्ग धरला होता: पडलेल्या पावसाला ४२ ने गुणलं आणि वजा केलं. उत्तर चुकलं. काही पाऊस वाहून जातो, काहीची वाफ होते, उरलेला मुरायला वेळ घेतो. शिवाय यंत्र तळघरात असेल तर डोक्यावरची ओली माती त्याला वर ओढते, म्हणजे चिन्हच उलटं!

म्हणून पावसाच्या आकड्यापेक्षा उथळ विहिरीतली पाण्याची पातळी जास्त कामाची. उत्पादन सुरू होण्याआधीच्या नोंदी असतील तर उत्तमच. त्या काळातल्या पातळी आणि गुरुत्वाचा संबंध काढायचा आणि नंतरच्या मोजमापातून तेवढा भाग वजा करायचा. उत्पादन सुरू असतानाच्या नोंदींवरून तो संबंध काढलात, तर पावसाबरोबर साठ्यातला खरा बदलही पुसला जाऊ शकतो.

तेव्हा फील्डवर जाताना ग्रॅव्हिमीटरसोबत पाण्याची पातळी मोजायची टेपही घ्या. ज्या दिवशी गुरुत्व मोजाल, त्याच दिवशी विहीरही मोजा. ती नोंद नंतर कुठूनही आणता येत नाही.