डेंड्रोबियमची पिल्ले कधी वेगळी करावीत?

डेंड्रोबियम ऑर्किडच्या जुन्या काडीवर, वरच्या पेरांतून कधी कधी फुलदांड्याऐवजी छोटे रोप फुटते. हेच पिल्लू, म्हणजे ‘केकी’. रोपांचा खर्च पाहता फुकटचे रोप कोणाला नको? पण आधी मातृरोप तपासा. पानांवर पिवळसर पट्टे किंवा काळपट चट्टे, फुलांत रंग तुटलेला दिसला, तर विषाणूचा संशय घ्या. सिम्बिडियम मोझॅकसारखा विषाणू पिल्लातही उतरतो आणि त्यावर औषध नाही. असे रोप पिल्लांसकट शेडनेटबाहेर काढून नष्ट करा.

निरोगी रोपावरील पिल्लाची घाई करू नका. तीन-चार मुळे साधारण ५ सें.मी. लांब होईपर्यंत ते काडीवरच पोसू द्या. कापताना प्रत्येक रोपाआधी ब्लेड ज्योतीवर तापवून घ्या. हाच विषाणू रसातून पसरतो.

लागवडीसाठी ३-४ इंची कुंडी पुरे. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा, माती नको. पिल्लाचा बुंधा माध्यमात गाडू नका, काठीला सैल बांधा. सुरुवातीला सावली थोडी जास्त ठेवा, हलकी फवारणी करा. मुळांची हिरवी टोके वाढू लागली की १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा फवारा.

एकाच रोपावर पिल्लेच पिल्ले आणि फुले मात्र नाहीत? मग नत्र जास्त होत असेल किंवा मुळे कुजली असतील. रोप कुंडीतून काढून मुळे बघा.